होडीलाही मेन स्विच हवा



चार दिवस माहेरी जायचं असेल तर आपण गॅसचा कॉक बंद करतो, पाण्याची मोटार बघतो, काहीजणी तर मीटरजवळचा मेन स्विचच बंद करतात. होडीच्या बाबतीत मात्र असं काही होत नाही. संध्याकाळी होडी किनाऱ्याला लागते, मासळी उतरते, माणसं घरी येतात आणि बॅटरी रात्रभर सगळ्या वायरींना जोडलेलीच राहते. पावसाळ्यात होडी झापांखाली शाकारून ठेवली तरी तीच गोष्ट.

या अंकात या विषयावर लिहायचं कारण आपल्या गटांच्या बैठकांमध्येच आहे. किनाऱ्यावरच्या गावांमध्ये दुरुस्तीच्या कर्जाचं कारण विचारलं की जाळं, इंजिन आणि बॅटरी ही तीन नावं हमखास येतात. जाळं फाटतं, इंजिन झिजतं, ते समजू शकतं. पण बॅटरी पुष्कळदा वापरून संपत नाही, नुसती पडून संपते. आणि तिचा हप्ता भरायचा असतो तुम्हाला.

मी वायरमन नाही, तुम्हालाही वायरमन करायचा इरादा नाही. पण होडीत बॅटरीचा कट-ऑफ स्विच का हवा, तो कसा बसवून घ्यायचा आणि बसवल्यावर कसा वापरायचा, हे कर्जावर सही करणाऱ्या बाईला माहीत असायलाच हवं. विषय काढला की "आमका वायरीतला काय कळता?" असं उत्तर मिळतं. वाचून बघा, कळेल.

हा स्विच म्हणजे नेमकं काय?

ट्रक, जेसीबी, एसटी या गाड्यांना बॅटरीजवळ एक मोठी गोल कळ असते. ती फिरवली की बॅटरी गाडीपासून तुटते. वायर काढावी लागत नाही, पाना लागत नाही. तशीच कळ होडीसाठी मिळते. कोणी तिला बॅटरी कट-ऑफ म्हणतं, कोणी मेन स्विच. 'ऑन' केली की बॅटरीचा करंट इंजिनाच्या सेल्फला आणि दिव्यांना जातो. 'ऑफ' केली की कळीच्या पुढचं सगळं बंद.

ज्यांची होडी दोरी ओढून चालू होणाऱ्या मशीनची आहे आणि बॅटरीच नाही, त्यांना हे लागू नाही. पण त्याच होडीत दिव्यासाठी किंवा मासे दाखवणाऱ्या यंत्रासाठी बॅटरी ठेवली असेल, तर पुढे वाचा.

जुन्या होडीलाच जास्त गरज का?

नवी होडी येते तेव्हा तिच्यात मोजक्या वायरी असतात. मग वर्षावर्षाने भर पडते. आधी एक दिवा, मग जीपीएस, मग वायरलेस, मग पाणी उपसायचा पंप, मग मोबाईलचा चार्जर. प्रत्येक वेळी वायर थेट बॅटरीच्या टर्मिनलवर गुंडाळली जाते. दहा वर्षांनी टर्मिनलवर वायरींची मोळी झालेली असते आणि कुठली कशाची ते तांडेलालाही सांगता येत नाही.

यात खारी हवा. तांब्याची वायर आतून हिरवी-काळी पडते, वरचं प्लास्टिक कडक होऊन तडकतं. घासून घासून वायर उघडी पडली आणि इंजिनाच्या लोखंडाला टेकली, तर तिच्यातून एवढा करंट वाहतो की वायर लाल होते. बाजूला डिझेल, तेलकट चिंध्या, सुकं लाकूड किंवा फायबर असतंच. बारा व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून आपण तो निरुपद्रवी समजतो. अंगाला तो फारसा करत नाही हे खरं, पण आग लावायला तो पुरेसा आहे.

दुसरं नुकसान दिसत नाही. तळात साचलेल्या खाऱ्या पाण्यात उघडी पॉझिटिव्ह वायर पडली तर करंट पाण्यातून गळतो आणि जाता जाता धातू खातो. पंख्याचा शाफ्ट, बोल्ट, नळ्यांचे पितळी भाग लवकर सडतात. लोक म्हणतात, "खारं पाणी आहे, सडणारच." काही वेळा तो खाऱ्या पाण्याचा दोष नसतो, वायरीचा असतो.

बॅटरी पडून कशी संपते? साधा हिशेब

आपल्या पासबुकासारखंच बॅटरीचं पण खातं असतं. बॅटरीवर १०० एएच लिहिलेलं असतं, म्हणजे १०० अँपिअर-तास. ती तुमची शिल्लक. इंजिन चालतं तेव्हा अल्टरनेटर, ज्याला पुष्कळजण डायनॅमो म्हणतात, तो जमा करतो. दिवे, पंप, सेल्फ काढून घेतात.

आता समजा एखादा दिवा किंवा वायरलेस चुकून चालू राहिला आणि तो अर्धा अँपिअर घेतो. २४ तासांत १२ अँपिअर-तास गेले. चार दिवसांत ४८, म्हणजे जवळपास अर्धी बॅटरी रिकामी.

त्याहून लहान गळती बघा. वायर ओलसर आहे किंवा जीपीएस बंद करूनही थोडा करंट घेतो, समजा ५० मिलिअँपिअर. दिवसाला १.२ अँपिअर-तास. फारच थोडं वाटतं ना? पण आपल्याकडे मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस. १.२ गुणिले ६१ केले की ७३ होतात. नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात ढकलली तर बॅटरी जवळपास मेलेली.

आणि या बॅटरीचा स्वभाव असा, की ती फार काळ रिकामी पडून राहिली तर नंतर चार्ज करूनही पूर्वीसारखी होत नाही. आतल्या प्लेटांवर कडक थर बसतो. मग नवीन घ्या. जे काम काहीशे रुपयांपासून दोन-तीन हजारांपर्यंतच्या स्विचने होतं, त्याच्याऐवजी कितीतरी जास्त पैसे बॅटरीत जातात, तेही व्याजाने काढलेले.

स्विच घेताना काय बघायचं?

सेल्फ मारताना इंजिन क्षणभर खूप करंट ओढतं. लहान डिझेल इंजिनाचा सेल्फसुद्धा त्या दोन-तीन सेकंदांत दोन-तीनशे अँपिअरपर्यंत घेऊ शकतो. म्हणून स्विचवर लिहिलेले आकडे वाचायचे. सहसा दोन आकडे असतात: सतत किती करंट चालेल तो एक, आणि थोड्या वेळेपुरता किती चालेल तो दुसरा. दुसरा आकडा तुमच्या सेल्फच्या गरजेपेक्षा मोठा हवा. आकडाच लिहिलेला नसेल तर तो स्विच घेऊ नका. लाल प्लास्टिकच्या किल्लीचा अगदी स्वस्त स्विच दिव्यांना चालेल, पण सेल्फच्या करंटने तो आतून तापून वितळू शकतो.

बाकी तीन गोष्टी बघा. बोल्ट तांब्याचे किंवा पितळेचे, वरून कल्हई केलेले असावेत; नुसत्या लोखंडाचे नकोत. मागची बाजू झाकलेली असावी. आणि ऑन-ऑफ लांबून, अंधारातही हाताने चाचपून कळावं.

दोन बॅटऱ्या असतील तर '१, २, दोन्ही, बंद' असा चार जागांचा स्विच मिळतो. त्यात एक बॅटरी सेल्फसाठी राखून ठेवायची आणि दुसरीवर दिवे चालवायचे. 'दोन्ही'वर कायम ठेवू नका, नाहीतर कमजोर बॅटरी चांगलीलाही घेऊन बसते.

कुठे बसवायचा?

बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला, कारण बॅटरी ते स्विच हा वायरीचा तुकडा कधीच बंद होत नाही. पण बॅटरीच्या पेटीच्या आत किंवा बरोबर वर नको. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. हवेत तो शंभरात चार भाग झाला तरी ठिणगीने पेटतो, आणि स्विच फिरवताना ठिणगी पडू शकते.

जागा अशी निवडा की तळातलं पाणी चढलं तरी स्विच बुडणार नाही, वरून लाटेचं पाणी थेट येणार नाही, आणि इंजिनाची झाकणी न उघडता हात पोचेल. आग लागली तर आगीवरून हात घालून स्विच बंद करायची वेळ येऊ नये. फळीवर 'बॅटरी बंद' असं मराठीत, बाणासकट, रंगाने लिहून घ्या.

पॉझिटिव्ह की निगेटिव्ह?

काही गाड्यांना मेकॅनिक निगेटिव्ह बाजूला कट-ऑफ लावतात. होडीत पॉझिटिव्ह बाजूलाच लावून घ्या. निगेटिव्हला परत जायला अनेक वाटा असतात: इंजिनाचं लोखंड, शाफ्ट, तळातलं खारं पाणी. एक वाट बंद केली तरी दुसरी उघडी राहू शकते. पॉझिटिव्ह तोडली की स्विचच्या पुढच्या वायरींत काही उरतच नाही.

आणि मघाशी सांगितलेली टर्मिनलवरची मोळी आठवा. स्विच बसवला, पण दिवा-जीपीएसच्या वायरी बॅटरीच्या टर्मिनलवरच राहिल्या, तर स्विचचा उपयोग अर्धाच. त्या सगळ्या तिथून काढून स्विचच्या पुढच्या बाजूला, फ्यूजच्या पेटीतून न्यायला सांगा. प्रत्येक वायरीला तिचा फ्यूज. स्विच हा फ्यूज नाही. वायर टेकली तर फ्यूज आपोआप उडतो, स्विच कोणीतरी हाताने फिरवावा लागतो. दोन्ही हवेत.

एक वायर मात्र स्विचमधून न्यायची नाही

लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. बाकी काही विसरलात तरी ही लक्षात ठेवा.

जुन्या लाकडी होडीत थोडं पाणी झिरपतंच. काही होड्यांत तळाला पंप असतो आणि त्याला तरंगणारा स्विच असतो: पाणी चढलं की तो उचलला जातो, पंप सुरू होतो, पाणी उतरलं की बंद. रात्री नांगरावर होडी एकटी असताना हा पंपच तिला वाचवतो. मेन स्विच बसवताना पंपाची वायरही त्याच्या पुढे जोडली, तर संध्याकाळी तुम्ही शिस्तीने स्विच बंद करणार आणि पंपही बंद पडणार. शाफ्टच्या तोंडातून थेंब थेंब पाणी येत राहणार. सकाळी होडी तळाला बसलेली.

म्हणून आपोआप चालणाऱ्या पंपाची पॉझिटिव्ह वायर बॅटरीकडूनच घ्यायची, मेन स्विचच्या आधी. पण नुसती नाही. तिला बॅटरीजवळच, वीतभर अंतरात, स्वतःचा फ्यूज हवा. फ्यूज किती अँपिअरचा ते पंपावर लिहिलेलं असतं. ही वायर कायम चालू राहणार, म्हणून ती नवी आणि अखंड असावी. तळाच्या पाण्यात तिचा सांधा नको. सांधा वर, कोरड्यात घ्यावा.

होडीला ट्रान्सपॉन्डर बसवलेला असेल तर त्याच्या वायरी आपल्या मनाने हलवू नका. ज्याने बसवला त्याला विचारूनच जोडा.

बसवण्याचा दिवस: क्रमाने काय व्हायला हवं

काम वायरमनने करायचं. तुम्ही शेजारी उभं राहून हा क्रम बघायचा.

१. इंजिन, दिवे, चार्जर सगळं बंद. इंजिनाची झाकणी उघडून थोडा वेळ वारा खेळू द्या. विडी-सिगारेट लांब.

२. जो हात घालणार त्याने अंगठी, कडं, घड्याळ काढायचं. तुम्ही मदत करणार असाल तर सोन्याच्या-धातूच्या बांगड्या काढा, मंगळसूत्र ब्लाउजच्या आत घ्या. धातूची बांगडी दोन टर्मिनलच्या मध्ये आली तर क्षणात तापून हात भाजतो.

३. वायरी सोडवायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा. प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून 'दिवा', 'पंप', 'सेल्फ' असं लिहा. हे काम तुमच्याकडे घ्या. गटाचं दप्तर लिहिणारी ताई हे वायरमनपेक्षा चांगलं करेल.

४. आधी निगेटिव्ह काढायची, मग पॉझिटिव्ह. कारण साधं आहे. निगेटिव्ह इंजिनाच्या लोखंडाला जोडलेली असते. ती निघाली की पॉझिटिव्ह सोडवताना पाना चुकून लोखंडाला लागला तरी ठिणगी पडत नाही. उलट क्रम केला तर पडते.

५. स्विच पक्क्या फळीवर, गंज न धरणाऱ्या स्टेनलेस स्क्रूंनी बसवायचा. हलता स्विच म्हणजे सैल वायर.

६. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून एक जाड वायर स्विचच्या एका बोल्टला. दुसऱ्या बोल्टपासून सेल्फला आणि फ्यूजच्या पेटीला. नवी वायर जुन्या सेल्फच्या वायरीइतकी किंवा तिच्याहून जाड हवी, बारीक चालणार नाही. कल्हई केलेली तांब्याची वायर मिळाली तर खाऱ्या हवेत ती जास्त टिकते.

७. वायरीच्या टोकाला लग दाबयंत्राने दाबून बसवलेला असावा. पिळून गुंडाळलेली वायर, हातोडीने ठोकलेला लग, नुसती चिकटपट्टी, यातलं काहीही मान्य करू नका. लग थेट बोल्टच्या पितळी बैठकीवर बसवायचा, वायसर आणि नट त्याच्यावर. लगाच्या खाली वायसर घातला तर करंट त्या वायसरातून जातो आणि जागा तापते.

८. नट घट्ट झाल्यावर वरून व्हॅसलिन किंवा ग्रीस. आधी नाही. मग पॉझिटिव्ह टर्मिनलला रबरी टोपी.

९. स्विच 'ऑफ' ठेवून आधी पॉझिटिव्ह जोडायची, निगेटिव्ह सगळ्यात शेवटी. काढताना पहिली, लावताना शेवटची.

बॅटरी आधीपासून सुटी ठेवली असेल तर याच दिवशी ती पेटीत ठेवून पट्ट्याने बांधून घ्या, तळाच्या पाण्यापासून उंच. खारं पाणी बॅटरीच्या ॲसिडमध्ये शिरलं तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

पैसे द्यायच्या आधीची परीक्षा

स्विच ऑफ करा. दिवा, हॉर्न, जीपीएस, सेल्फ एकेक लावून बघा. काहीही चालता कामा नये. एखादा दिवा लागला तर त्याची वायर अजून बॅटरीवर आहे.

स्विच ऑफच असताना पंपाचा तरंगता स्विच हाताने उचला. पंप चाललाच पाहिजे.

आता ऑन करून इंजिन तीन वेळा चालू-बंद करा. इंजिन बंद ठेवून स्विचला आणि लगांना हात लावा. कोमट लागलं तर कुठेतरी नट सैल आहे किंवा वायर बारीक आहे. तिथेच दुरुस्त करून घ्या.

शेवटी गळती. सगळी बटणं बंद, मेन स्विच ऑफ. वायरमनला त्याचा मीटर अँपिअरवर ठेवून स्विचच्या दोन बोल्टांना लावायला सांगा. स्विच ऑन केला असता तर सगळं बंद असतानाही किती करंट गेला असता, ते मीटर दाखवतो. आकडा शून्याच्या जवळ असेल तर छान. मोठा असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्याच्या निघण्याने आकडा उतरतो, ती वायर चोर. मीटर लावलेला असताना सेल्फ मात्र मारायचा नाही, मीटर जळतो.

रोजचे नियम

इंजिन चालू असताना स्विच बंद करायचा नाही. हा नियम मुलांनाही पाठ करून घ्या. इंजिन चालताना अल्टरनेटर बॅटरीत करंट भरत असतो. अचानक बॅटरी तुटली की तो करंट जायला जागा उरत नाही, व्होल्टेज एकदम उसळतं आणि अल्टरनेटरच्या आतले डायोड जळतात. कधीकधी सोबत जीपीएसही जातो. चार जागांचा स्विच असेल तर चालत्या इंजिनावर तो 'बंद'वरून फिरणार नाही याचीही काळजी घ्या. क्रम कायम हाच: आधी इंजिन बंद, मग स्विच बंद. सकाळी आधी स्विच, मग सेल्फ.

हेही ध्यानात ठेवा, की साधं डिझेल इंजिन एकदा चालू झालं की स्विच बंद केल्याने थांबत नाही. ते त्याच्या स्टॉपच्या दांडीनेच थांबतं.

नियमाला अपवाद एकच. वायरीतून धूर आला, जळका वास आला, तर अल्टरनेटरचा विचार करत बसायचं नाही. इंजिनाचा स्टॉप ओढा आणि लगेच मेन स्विच बंद करा. स्टॉपला हात पोचत नसेल तर स्विच तरी बंद करा. अल्टरनेटर दुरुस्त होतो, माणूस होत नाही. वायरीच्या आगीत करंट चालूच राहिला तर विझवलेली आग पुन्हा पेटते. समुद्रात असाल तर तटरक्षक दलाचा नंबर १५५४ होडीत रंगाने लिहिलेला असू द्या.

बंदीच्या दोन महिन्यांत

होडी वर ओढली, पाण्याचा धोका संपला, की पंपाचा फ्यूजही काढून ठेवा. आता काहीच जोडलेलं नाही. तरी बॅटरी आपोआप थोडी थोडी उतरतेच, तो तिचा स्वभाव. महिन्यातून एकदा चार्ज करा. बॅटरी घरी आणलीत तर चुलीपासून आणि झोपायच्या खोलीपासून लांब, हवेशीर जागी ठेवा. पाणी भरायची बॅटरी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर, विहिरीचं नाही.

मीटरवर बघायला तीन आकडे पुरतात. चार्जर काढून काही तास थांबल्यावर १२.६ व्होल्ट किंवा जास्त म्हणजे भरलेली. १२.२ च्या आसपास म्हणजे अर्धी. १२ च्या खाली गेली तर त्याच दिवशी चार्जिंगला लावा.

गटात काय करता येईल?

यासाठी वेगळं मोठं कर्ज लागत नाही. कोणी इंजिन किंवा बॅटरीसाठी कर्ज मागत असेल तर त्याच अर्जात स्विच, फ्यूजची पेटी आणि पंपाची वेगळी वायर धरायला सांगा. हजारोंची बॅटरी घेताना तिचं कुलूप विसरायला नको. दुकानदाराकडून पक्कं बिल घ्या, त्यावर स्विचचा अँपिअर लिहून घ्या.

एका वाडीत चार-पाच होड्या असतील तर वायरमनला एकाच दिवशी बोलवा. त्याचा येण्याजाण्याचा खर्च वाटला जाईल, दाबयंत्र तो एकदाच आणेल, आणि पहिल्या होडीवर बघून दुसऱ्या होडीवर तुम्ही स्वतः परीक्षा घेऊ शकाल. बंदीचा काळ याला उत्तम.

घरातल्या माणसांना हे कसं पटवायचं, असं तुमच्यातल्या कितीतरी जणी विचारतील. "एवढी वर्षं चाललं की," हे उत्तर येणारच. भांडू नका. गेल्या पाच वर्षांत किती बॅटऱ्या घेतल्या आणि त्यासाठी किती कर्ज काढलं, ते गटाच्या दप्तरातून काढून समोर ठेवा. तो आकडा तुमच्याच हस्ताक्षरातला आहे, त्याला कोणी नाही म्हणणार नाही.

आणि शेवटचं. होडी दिवसातले कितीतरी तास किनाऱ्याला उभी असते. पुरुष जाळी विणायला, डिझेल आणायला, झोपायला गेलेले असतात. तेव्हा होडीजवळ कोण असतं? मासळी उतरवणाऱ्या, टोपल्या धुणाऱ्या, लिलाव करणाऱ्या तुम्हीच. होडीतून धूर निघाला तर पहिल्यांदा तुम्हाला दिसणार. म्हणून स्विच कुठे आहे आणि कुठल्या बाजूला फिरवायचा, हे घरातल्या प्रत्येक बाईने एकदा स्वतःच्या हाताने करून बघायचं.

पुढच्या मासिक बैठकीत विचारायचे पाच प्रश्न

१. तुमच्या होडीत बॅटरी किती, आणि मेन स्विच आहे का?
२. स्विच बंद केल्यावरही काही चालू राहतं का? राहत असेल तर काय?
३. पाणी उपसायचा पंप स्विचच्या आधी जोडलाय की नंतर? त्याला फ्यूज आहे का?
४. बॅटरी बांधलेली आहे का, टर्मिनलवर टोपी आहे का?
५. स्विच तुम्ही स्वतः फिरवून पाहिलात का?

उत्तरं बैठकीच्या वहीत लिहा. ज्या गावात तीनपेक्षा जास्त होड्यांना स्विच बसवायचा आहे, त्यांनी ग्रामसंघाच्या बैठकीत तसा ठराव मांडावा. वायरमनचा दिवस आपण मिळून ठरवू. मी येईन, चिकटपट्टी आणि पेन घेऊन.

तुमची,
क्षेत्र समन्वयक